बर्फ वितळतो तेव्हा काय घडते?

(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेतील भाषणाचा मजकूर)



‘बर्फ का वितळतो?’ असा प्रश्न चौथी-पाचवीच्या वर्गात विचारला, तर बहुतेक मुले एका सुरात ‘उष्णतेमुळे’ असे उत्तर देतात. उत्तर बरोबर असते, शिक्षकाचे समाधान होते आणि धडा पुढे सरकतो. परंतु त्याच मुलांना ‘उष्णता बर्फात शिरल्यावर तेथे काय करते?’ असा दुसरा प्रश्न विचारला, म्हणजे वर्ग स्तब्ध होतो. थोडा धीर देऊन मुलांना बोलते केले, तर नाना प्रकारची उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, बर्फाचे कण वितळतात. कोणी म्हणतो, कण पातळ होतात. कोणी म्हणतो, बर्फ आधी आतून तापतो आणि मग त्याचे पाणी होते. ही उत्तरे चुकीची असली, तरी ती विचार करणाऱ्या मुलांची आहेत. ‘उष्णतेमुळे’ हा शब्द मात्र पुष्कळदा विचार थांबवितो. एखाद्या गोष्टीस नाव दिले म्हणजे तिचे कारण सांगितले, हा समज लहानपणी रुजला की तो पुढे मोठ्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही पाठ सोडीत नाही. यास्तव या साध्या प्रश्नाचा मुळापासून विचार करणे प्राथमिक शिक्षकास अगत्याचे आहे.

जालना जिल्ह्यातील मुलास बर्फाची ओळख हिमाच्छादित शिखरांवरून होत नाही. ती होते यात्रेतील कुलफीवाल्याच्या मडक्यावरून, लस घेऊन येणाऱ्या आरोग्यसेविकेच्या पेटीवरून आणि गारांवरून. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात वारंवार गारपीट झाली. पुढे ११ फेब्रुवारी २०१८ च्या गारपिटीने जालना जिल्ह्यात हाताशी आलेला हरभरा व गहू झोडपून काढला, फळबागांची हानी केली आणि माणसांचेही प्राण घेतले. ज्या घराचे पीक अशा रीतीने आडवे झाले, त्या घरातील मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन विचारते की, आपल्याकडे एवढे ऊन असता आभाळातून बर्फ आला कसा, आणि वाटेतच तो वितळला का नाही? हा प्रश्न परीक्षेतील नव्हे, संकटातून आलेला आहे. त्याला ‘निसर्गाचा कोप’ एवढेच उत्तर देऊन मुलास गप्प करणे शिक्षकास शोभणार नाही. आणि या प्रश्नाचे खरे उत्तर बर्फ कसा वितळतो हे कळल्यावाचून देता येत नाही.

प्रथम पाण्याच्या रेणूचा विचार करू जावे. सर्व पदार्थ अत्यंत सूक्ष्म कणांचे बनलेले असतात. पाण्याच्या अशा कणास पाण्याचा रेणू म्हणतात. एक ग्रॅम पाण्यात, म्हणजे सुमारे वीस थेंबांत, ३३ या आकड्यावर २१ शून्ये दिल्यास जी संख्या होईल तितके रेणू असतात. प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचा एक व हायड्रोजनचे दोन अणू असतात. हे तीन अणू सरळ रेषेत नसून, ऑक्सिजन मध्ये आणि दोन हायड्रोजन त्याच्या दोन बाजूंस, परस्परांशी सुमारे १०४.५ अंशांचा कोन करून असतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना स्वतःकडे अधिक ओढून घेतो. त्यामुळे रेणूच्या हायड्रोजनांच्या बाजूस किंचित धन व ऑक्सिजनच्या बाजूस किंचित ऋण विद्युतप्रभार येतो. विरुद्ध प्रभार परस्परांना आकर्षितात, म्हणून एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीस हायड्रोजन बंध असे नाव आहे. रेणूच्या अंतर्भागातील अणूंना जोडणाऱ्या बंधाच्या मानाने हा बंध फार दुबळा, सुमारे विसाव्या हिश्श्याएवढ्या बळाचा असतो. बर्फाची सारी कथा या दुबळ्या बंधाची कथा आहे.

बर्फात प्रत्येक रेणू असे चार बंध राखून असतो. आपल्या दोन हायड्रोजनांनी तो दोन शेजाऱ्यांना धरतो आणि आणखी दोन शेजारी त्याच्या ऑक्सिजनला धरतात. चारही शेजारी चार ठराविक दिशांना, ठराविक अंतरावर असतात. अशा रीतीने रेणूंची एक सुबक जाळी तयार होते. जाळीतील रेणूंची वलये षट्कोनी असतात आणि त्यांच्या मधोमध मोकळी जागा राहते. हिमकणास सहा पाकळ्या असतात, त्याचे मूळही याच षट्कोनात आहे. परंतु जाळीत बसलेला रेणू निश्चल बसलेला असतो, असे मात्र मुलांना सांगू नये. तो आपल्या जागीच अविरत थरथरत असतो. पदार्थ थंड म्हणजे ही थरथर कमी, पदार्थ उष्ण म्हणजे ही थरथर अधिक. तापमान हे या हालचालीचेच माप होय.

आता बर्फास उष्णता मिळू लागली, म्हणजे काय होते ते पाहावे. फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्य अंशाहून पुष्कळ थंड असतो. मिळालेल्या उष्णतेने त्यातील रेणूंची थरथर वाढते, म्हणजेच बर्फाचे तापमान चढते. ते शून्य अंश सेल्सिअसला पोहोचले की थरथर इतकी वाढलेली असते की बर्फाच्या पृष्ठभागावरील रेणूंना त्यांचे बंध धरून ठेवू शकत नाहीत. पृष्ठभागावरचे रेणू आधी सुटतात, कारण त्यांना सर्व बाजूंनी शेजारी नसतात. रेणू सुटले म्हणजे ते एकमेकांपासून दूर पळून जातात असे नाही. ते एकमेकांस धरतात, सोडतात, पुन्हा दुसऱ्यास धरतात. पाण्यातील एखादा हायड्रोजन बंध सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाइतक्या अल्प काळ टिकतो आणि मोडतो. जाळी मोडली, ठराविक जागा सुटली, रेणू परस्परांवरून सरकू लागले. यालाच बर्फ वितळला असे म्हणतात.

येथे शिक्षकाने एक गोष्ट पुनःपुन्हा ठसवावी. वितळतो तो बर्फ. रेणू वितळत नाही. रेणू पूर्वी जेवढा होता तेवढाच राहतो, पूर्वी जसा होता तसाच राहतो. त्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होत नाहीत. बदलते ती केवळ रेणूंची मांडणी. प्रार्थनेच्या वेळी रांगेत उभी असलेली मुले सुट्टी होताच मैदानभर पांगतात. रांग मोडली म्हणून कोणी एकही मूल मोडले असे म्हणत नाही. बर्फाचेही तसेच आहे.

ही गोष्ट मैदानावर खेळ म्हणून करून दाखविता येते. प्रत्येक मुलास दोन हात आणि दोन खांदे असतात. दोन हात म्हणजे रेणूचे दोन हायड्रोजन आणि दोन खांदे म्हणजे ऑक्सिजनवरील दोन जागा, असे ठरवावे. प्रत्येक मुलाने आपला एकेक हात पूर्ण लांब करून दोन वेगवेगळ्या मुलांच्या खांद्यांवर ठेवावा आणि त्याच्या दोन खांद्यांवर आणखी दोघांचे हात यावेत. कडेच्या मुलांचे काही हात किंवा खांदे रिकामे राहतील. बर्फाच्या कडेलाही तेच होते. अशी जाळी जमली की शिक्षकाने तिच्याभोवती फक्कीने रेघ आखावी. मग हलगी सावकाश वाजवावी आणि मुलांनी जागेवरच डोलावे. हलगी द्रुत होत जाईल तसे मुलांचे डोलणे वाढेल आणि हात निसटू लागतील. कडेची मुले प्रथम सुटतील. सुटलेल्या मुलांनी दूर न जाता जवळपास फिरत राहावे, भेटेल त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवावा आणि काढावा. हलगी म्हणजे उष्णता, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. खेळ सपाट मैदानावर होतो, खरी जाळी मात्र वर-खाली अशी चारही दिशांना पसरलेली असते, एवढा खुलासा शेवटी अवश्य करावा.

या खेळातून आणखी एक गोष्ट मुलांच्या आपोआप ध्यानी येते. हात लांब करून उभ्या राहिलेल्या जाळीस जागा अधिक लागत होती. हात सुटल्यावर तीच मुले आखलेल्या रेघेच्या आत दाटीने मावतात. बर्फातील मोकळी षट्कोनी जागा वितळताना अशीच भरून निघते. म्हणून पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि बर्फाचे पाणी होताना ते तितके घटते. बर्फ पाण्यावर तरंगतो तो याच कारणाने. बहुतेक पदार्थांची रीत याच्या उलट आहे. पेला काठोकाठ पाण्याने भरून त्यात बर्फाचा खडा तरंगत ठेवावा आणि तो वितळल्यावर पाणी सांडेल की नाही, हे मुलांकडून आधी लिहून घ्यावे. पाणी सांडत नाही, कारण वर डोकावणारा बर्फ वितळून नेमका पाण्याखालील भागाएवढ्या जागेत मावतो. प्रयोगाआधी भाकीत लिहून घेण्याची ही सवय प्रयोगाइतकीच मोलाची आहे.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे यावे. बर्फ वितळत असताना त्यास उष्णता मिळत असते, परंतु त्याचे तापमान मात्र वाढत नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत हे दाखवून दिले. त्याने सारख्याच वजनाचे बर्फ आणि बर्फाइतकेच थंड पाणी दोन सारख्या भांड्यांत घेऊन एकाच दालनात ठेवले. पाणी ज्या तापमानास सुमारे अर्ध्या तासात पोहोचले, त्याच तापमानास पोहोचण्यास बर्फाच्या भांड्याला सुमारे साडेदहा तास लागले. दोन्ही भांड्यांत भोवतालच्या हवेतून उष्णता सारखीच येत होती. मग बर्फाने एवढा वेळ घेतलेली उष्णता गेली कोठे? ती तापमापीत दिसली नाही, म्हणून तिला अप्रकट उष्मा असे नाव पडले.

रेणूंची जाळी डोळ्यांपुढे आणली म्हणजे या कोड्याचा उलगडा होतो. ती उष्णता थरथर वाढविण्यात खर्च न होता बंध सोडविण्यात खर्च होते. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक कॅलरी उष्णता पुरते. परंतु शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी करण्यास ८० कॅलरी लागतात. म्हणजे बर्फ नुसता वितळविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. तरीही ही उष्णता सर्वच बंध सोडविते असे नाही. सारे बंध तोडून बर्फाची थेट वाफ करावयाची झाल्यास याच्या सुमारे आठपट उष्णता लागते. पाण्यातही रेणू एकमेकांस बहुतांशी धरूनच असतात. फक्त कोणी कोणाला कायमचे धरून बसत नाही.

जालना शहरातील पोलादाच्या कारखान्यांत भंगार लोखंड विद्युतभट्टीत वितळवून त्याच्या सळ्या बनवितात. तेथे घडते ते तत्त्वतः हेच. लोखंडाच्या अणूंची मांडणी मोडते आणि घट्ट धातूचा रस होतो. लोखंडाचा द्रवणांक १५३८ अंश सेल्सिअस आहे, कारण त्याच्या अणूंना जोडणारे बंध फार बळकट आहेत. मुलांना नवल वाटेल अशी गोष्ट ही की, द्रवणांकास पोहोचलेले एक ग्रॅम लोखंड वितळविण्यास सुमारे ६० कॅलरी लागतात, तर एक ग्रॅम बर्फास ८०. दुबळ्या बंधांचा बर्फ येथे लोखंडावर मात करतो तो संख्येच्या जोरावर. पाण्याचा रेणू हलका असल्यामुळे एक ग्रॅम बर्फातील रेणूंची संख्या एक ग्रॅम लोखंडातील अणूंच्या तिपटीहून अधिक भरते. वरच्या वर्गांतील मुलांपुढे हे गणित अवश्य मांडावे.

गारेच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. गार जमिनीपासून काही किलोमीटर उंचीवर, जेथे तापमान शून्याखाली असते, त्या थरात ढगांतील जोरकस वर चढणाऱ्या हवेवर तोलली जाऊन वाढते. ती जड झाली म्हणजे कोसळते आणि उष्ण हवेतून काही मिनिटांतच जमिनीवर येते. या अल्प वेळात प्रत्येक ग्रॅम बर्फासाठी ८० कॅलरी मिळविणे मोठ्या गारेस शक्य होत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी गार वाटेतच वितळून पावसाचा थेंब होते. लिंबाएवढी गार मात्र जमिनीवर आदळते, कारण तिच्या वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग लहान असतो आणि उष्णता पृष्ठभागातूनच आत जाते. पिकाची मुख्य हानी होते ती या माऱ्याने. पण तेवढ्याने संपत नाही. एका चौरस मीटर जमिनीवर दहा किलो गारा साठल्या, तर त्या वितळताना माती, हवा आणि पिकांची मुळे यांच्याकडून ८०० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतात. तेवढी उष्णता काढून घेतल्यास ४० किलो पाणी २० अंशांनी थंड होईल. गारपिटीनंतर भर उन्हाळ्यातही अंगात हुडहुडी का भरते आणि सावलीतील ढीग संध्याकाळपर्यंत का टिकतो, हे यावरून समजते. गारा वेचण्याचा मोह मुलांना अनावर असतो. वादळ व विजा पूर्ण थांबल्यावाचून कोणीही छपराबाहेर जाऊ नये, ही सूचना याच पाठात द्यावी.

बर्फ नेमका शून्य अंशालाच का वितळतो, याचाही थोडा विचार व्हावा. बर्फ आणि पाणी जेथे एकमेकांस भिडतात तेथे दोन व्यवहार एकाच वेळी चाललेले असतात. बर्फातील काही रेणू सुटून पाण्यात जातात आणि पाण्यातील काही रेणू जाळीत येऊन बसतात. शून्य अंशाखाली येऊन बसणारे अधिक असतात, म्हणून पाणी गोठते. शून्य अंशावर सुटणारे अधिक असतात, म्हणून बर्फ वितळतो. बरोबर शून्य अंशास दोन्ही संख्या समसमान होतात. म्हणून एकाच भांड्यात बर्फ आणि पाणी ढवळून एकत्र ठेवले असता, जोपर्यंत त्यात दोन्ही शिल्लक आहेत, तोपर्यंत त्याचे तापमान शून्य अंशच राहते.

ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही. गावातील बालकांचे आरोग्य तिच्यावर अवलंबून असते. लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. त्यासाठी लसीच्या पेटीत चार आईसपॅक ठेवतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डीप फ्रीझरमधून काढलेला आईसपॅक शून्याहून पुष्कळ थंड असतो. तो तसाच पेटीत घातला, तर धनुर्वाताची किंवा ‘ब’ प्रकारच्या काविळीची लस गोठून निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून आईसपॅक काही वेळ बाहेर ठेवतात. त्यावर पाणी सुटते. मग तो कानाशी हलवून पाहतात. आत पाण्याचा आवाज आला, म्हणजेच बर्फ आणि पाणी दोन्ही एकत्र आहेत अशी खूण पटली की, आईसपॅकचे तापमान शून्य अंशास आले असे समजून तो पेटीत ठेवतात. त्यानंतर बाहेरून शिरणारी उष्णता बर्फाचे बंध सोडविण्यात खर्ची पडत राहते आणि लस थंड, पण न गोठलेली राहते. लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविकेस विनंती करून हा आईसपॅक मुलांना हलवून ऐकू द्यावा. एवढ्या आवाजात एक संपूर्ण धडा सामावलेला आहे.

कुलफीवाल्याचे खडेमीठ हे याच हिशेबाचे दुसरे उदाहरण होय. मीठ उष्ण असते म्हणून त्याने बर्फ वितळतो, असे पुष्कळ मुले मानतात. तसे असते तर मडक्याचे तापमान वाढले असते. प्रत्यक्षात ते शून्याच्या खाली उतरते. बर्फाच्या पृष्ठभागावरील पाण्यात मीठ विरघळले की त्याचे कण पाण्याच्या रेणूंमध्ये मिसळतात आणि जाळीत परत येऊन बसणाऱ्या रेणूंची संख्या घटते. सुटणारे मात्र सुटतच राहतात. तोल बिघडतो आणि बर्फ शून्याखालीही वितळू लागतो. वितळण्यास लागणारी उष्णता तो कोठून घेणार? ती तो साच्यातील दुधाकडून घेतो आणि दूध गोठते. मिठाचे प्रमाण पुरेसे असल्यास हे मिश्रण शून्याखाली सुमारे २१ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. वितळणाऱ्या बर्फाने दुसरा पदार्थ गोठवावा, हा विरोधाभास मुलांच्या चिरकाल स्मरणात राहील.

गोणपाट किंवा घोंगडी यांविषयी मुलांचा असाच एक समज असतो. घोंगडीने माणसास ऊब येते, तेव्हा ती बर्फावर टाकल्यास बर्फ लवकर वितळेल, असे त्यांना वाटते. घोंगडी उष्णता निर्माण करीत नाही, ती उष्णतेची ये-जा अडविते. बर्फाला दर ग्रॅमला ८० कॅलरी हव्यात आणि त्या बाहेरूनच याव्या लागतात. वाट अडविली म्हणजे बर्फ टिकतो. सन १८३३ मध्ये अमेरिकेतील बोस्टन बंदरातून १८० टन नैसर्गिक बर्फ उष्णतारोधक आच्छादनात ठेवून जहाजाने कलकत्त्यास पाठविण्यात आला. सुमारे चार महिन्यांच्या प्रवासात, उष्ण कटिबंध ओलांडूनही, त्यातील सुमारे १०० टन बर्फ शाबूत उतरला. पुढे मुंबईसही असा बर्फ येऊ लागला आणि तो साठविण्यासाठी तेथे बर्फगृह बांधण्यात आले. विजेवर चालणारी शीतयंत्रे नसताना हा व्यापार चालला, तो अप्रकट उष्म्याच्या बळावर.

वर्गात करावयाचे प्रयोग सोपे आहेत. पहिल्या प्रयोगात बर्फाचा चुरा पेल्यात घेऊन त्यात तापमापी ठेवावा आणि ढवळत राहून दर दोन मिनिटांनी वाचन फळ्यावर लिहावे. ताप मोजण्याचा घरगुती तापमापी येथे उपयोगी नाही. प्रयोगशाळेतील तापमापीच घ्यावा. दुसऱ्या प्रयोगात दोन सारख्या पेल्यांत, एकात १०० ग्रॅम वितळू लागलेला बर्फ आणि दुसऱ्यात बर्फ घालून थंड केलेले व बर्फाचे खडे काढून टाकलेले १०० ग्रॅम पाणी घेऊन, प्रत्येकास दहा अंशांपर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. बर्फास सुमारे आठ-नऊपट वेळ लागेल. तिसऱ्या प्रयोगात झाकण घट्ट लावलेल्या बरणीतील बर्फ वितळण्यापूर्वी व वितळल्यानंतर तोलावा. बरणीच्या बाहेर जमलेले दव पुसून घ्यावे. वजन तेच भरते. म्हणजे रेणू कोठे गेले नाहीत आणि नवे आले नाहीत, हे मुले स्वतःच सांगतील. ज्या शाळेत शीतकपाट नाही, त्या शाळेने बाजाराच्या दिवशी रुपया-दोन रुपयांचा नव्हे, चांगला किलोभर बर्फ गोणपाटात गुंडाळून आणावा. तो शाळेपर्यंत कसा टिकला, हाच पाठाचा आरंभ होऊ शकेल.

खालच्या वर्गांत रेणू, बंध, कॅलरी हे शब्द वापरण्याची घाई करू नये. तेथे बर्फ हाती देणे, तो हातावर ठेवला असता हात गार का पडतो हे विचारणे आणि मुलांची उत्तरे ऐकून घेणे एवढे पुरे. पाचवीच्या पुढे मैदानावरील खेळ घ्यावा आणि सातवी-आठवीत अप्रकट उष्म्याचे गणित मांडावे. सर्वच इयत्तांत एक पथ्य मात्र पाळावे. मुलाने ‘उष्णतेमुळे’ असे उत्तर दिले की ‘शाबास’ म्हणून न थांबता, ‘मग पुढे काय होते?’ असे विचारावे. ज्या मुलाने हातातील गार वितळताना पाहून तिच्या आत रेणूंची जाळी सुटते आहे अशी कल्पना एकदा केली, ते मूल पुढे कोणत्याही गोष्टीचे केवळ नाव ऐकून समाधान मानणार नाही. शेतातील नुकसान शाळेस भरून देता येत नाही. पण आभाळातून जे कोसळले ते काय होते आणि ते कसे विरून गेले, हे मुलास समजावून देणे शाळेच्या हाती आहे, आणि ते तिचे कर्तव्यही आहे.